धुकं साडेआठला उठेल

नवशिक्या, घाबरट माणसाने गोल्फ नेमका केव्हा खेळावा, या प्रश्नाचं शास्त्रशुद्ध उत्तर अख्ख्या जगात फक्त माझ्याकडे आहे. हसू नका! मी हवामान कार्यालयात धुक्याच्या टेबलावर बसतो. इतर लोक धुक्यात चाचपडतात ते हौसेने किंवा नाइलाजाने. मी चाचपडतो ते नोकरी म्हणून.

तर उत्तर असं: घाबरट माणसाने गोल्फ धुक्यात खेळावा. दाट धुक्यात. स्वतःचे बूट स्वतःला दिसत असतील, तर ते धुकं अजून कच्चं आहे असं समजावं आणि घरी परत जावं.

हा शोध मला कसा लागला ते आधी सांगतो. त्याचं पुढे काय झालं, ते सांगावंच लागेल.

आमचे मोठे साहेब ऑफिसात कामाचं अवाक्षर बोलत नाहीत. ऑफिसात ते सह्या करतात, "बघू" म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. खिडकीबाहेर गोल्फचं मैदान आहे. ज्याच्या नशिबात बढती, बदली किंवा कानउघाडणी असेल त्याला साहेब रविवारी त्या मैदानावर बोलावतात. माणूस जाताना एका चेहऱ्याने जातो आणि येताना दुसऱ्या चेहऱ्याने येतो. मध्ये काय घडतं ते कोणी सांगत नाही.

आणि त्याच सुमारास आमच्या डोंगरावरच्या वेधशाळेतली जागा रिकामी होणार होती.

ही वेधशाळा म्हणजे एक खोली, चार यंत्रं, एक खिडकी आणि खिडकीच्या खाली ढग. वर नव्हे, खाली! मी तिथे एकदा वाऱ्याचं यंत्र दुरुस्त करायला गेलो होतो. सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याशी एक ढग येऊन थांबलेला. वाटीभर साखर मागायला आलेला शेजारी थांबतो ना, तसा. मी बाजूला झालो. तो आत आला, टेबलाभोवती फिरला, माझ्या चहाच्या कपात डोकावला आणि मागच्या खिडकीने निघून गेला. त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. फाइल उघडली की तिच्यातून ढग निघतात. जेवताना आमटीकडे बघत बसतो, कारण वाफ येत असते. त्या खोलीत राहायला मिळावं, सकाळी दार उघडून ढगाला "या, बसा" म्हणावं, याखेरीज मला आयुष्याकडून काही नको होतं.

जागा मागणारा आणखी एक होता. त्याला आम्ही बॅरोमीटर म्हणतो, कारण साहेबांचा मूड बदलला की त्याचा चेहरा चढतो-उतरतो. ढगांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. डोंगरावर वरिष्ठ नसतात, एवढंच त्याला पुरेसं होतं.

एके दिवशी कँटीनमध्ये साहेब चहाचा कप घेऊन आमच्या टेबलाशी थांबले.

"काय रे," ते मला म्हणाले, "गोल्फ वगैरे खेळतोस का?"

या प्रश्नाला आजवर झाडून सगळ्यांनी "नाही सर" असं उत्तर दिलेलं होतं. मीही तेच देणार होतो. पण समोर बॅरोमीटरने तोंड उघडलं, आणि मला वाटलं हा आता "हो" म्हणतो! माझी जीभ माझ्या आधी पळाली.

"हो सर! अधूनमधून!"

साहेबांचा कप बशीवर किणकिणला. आनंदाने, असं मला वाटलं.

"असं?" साहेब म्हणाले. "अरे वा. मग... मग ये की या रविवारी. डोंगरावरच्या जागेबद्दल बोलू. खेळता खेळता."

साहेब गेले. बॅरोमीटरने उघडलेल्या तोंडात बिस्किट घातलं. त्याने तोंड त्यासाठीच उघडलं होतं.

आता माझी गोल्फमधली तयारी ऐका. गोल्फच्या चेंडूवर बारीक खळगे का असतात, हवेचा थर त्यांना कसा बिलगतो आणि त्यामुळे चेंडू लांब कसा जातो, हे मी फळ्यावर आकृती काढून तुम्हाला दुपारभर समजावून सांगू शकतो. काठी कोणत्या टोकाला धरतात, याबद्दल मात्र खात्री नव्हती.

ते आत्याने सांगितलं. मी आत्याकडे राहतो. ती ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी डॉक्टर होती. आता निवृत्त झाली आहे, पण आवाज अजून नोकरीतच आहे. इतका शांत, संथ आवाज, की तिने "दूध उतू जातंय" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला आधी जांभई येते. तरुणपणी ती गोल्फ खेळायची. माळ्यावरून काठ्यांची पिशवी काढून तिने मला दिवाणखान्यात उभं केलं आणि समोर मोज्यांचा गोळा ठेवला.

"खांदे सैल सोड."

"सोडले."

"आणखी सोड."

"आणखी सोडले तर खाली पडतील, आत्या!"

"दात कशाला आवळलेस? चेंडू काय चावायचाय? श्वास घे. आता सोड. आता मार."

मी मारला. मोज्यांचा गोळा ध्यानस्थ बसून राहिला. पडद्याची दांडी मात्र खाली आली.

"हरकत नाही," आत्या पडद्याच्या आतून म्हणाली. "मैदानावर जाऊन सराव कर."

"लोक बघतील ना!"

"बघू देत. मी हजारो माणसांना झोपवलंय, तुला सांगते, जागेपणीसुद्धा माणसं स्वतःकडेच बघत असतात. तुला कोण बघायला बसलंय?"

आत्याला भूलशास्त्र कळतं, गच्चीशास्त्र कळत नाही. मैदानाच्या क्लबला एक लांबलचक गच्ची आहे, आणि पहिला फटका जिथून मारतात ती जागा या गच्चीच्या बरोबर समोर येते. निम्मे सभासद खेळायला येतच नाहीत. ते गच्चीत चहा पितात आणि खाली जो उभा असेल त्याच्यावर बोलतात. त्या गच्चीखाली पहिल्यांदा काठी उचलायची म्हणजे स्वतःच्या मुंडावळ्या स्वतःच बांधून लग्नाला एकट्यानेच उभं राहण्यासारखं!

तेव्हा प्रश्न होता तो वेळेचा. मी पद्धतशीरपणे एकेक वेळ घेतली आणि बाद केली. सकाळ: गच्ची नाश्त्याला भरलेली. दुपार: गच्ची जेवून सुस्तावलेली, म्हणजे करमणुकीला अधिकच आसुसलेली. संध्याकाळ: मैदानावर झुंबड. रात्र: चेंडू सापडत नाही, राखणदाराला आपण सापडतो. वादळवारा: मैदान रिकामं खरं, पण विजा चमकत असताना उघड्यावर लोखंडी काठी उंच धरून उभा राहिलेला हवामान कार्यालयाचा माणूस ही दुसऱ्या दिवशीची बातमी असते.

उरलं धुकं. माझं, घरचं धुकं!

शुक्रवारी दुपारी मी आकडे मांडले. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन ओलीचिंब. पहाटेपर्यंत जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकणार आणि तिच्या उशाशी ढग येऊन झोपणार. शनिवारी सकाळी दाट धुकं! अंदाज मी रेसभरही वाकवला नाही, हे शपथेवर सांगतो. फक्त तो लिहिताना आयुष्यात पहिल्यांदा मला गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात क्लबच्या सेक्रेटरी बाईंचा फोन आला. त्या रोज करतात.

"उद्या धुकं आहे म्हणे?"

"आहे. भरपूर."

"उठेल कधी?"

"साडेआठला."

"नक्की ना? मागच्या वेळी तुमचं दुपारपर्यंत बसलं होतं पाय पसरून."

"बाई," मी म्हणालो, आणि इथे माझा आवाज जरा चढला, "साडेआठ म्हणजे साडेआठ!"

"बरं. मग सगळ्या सभासदांना कळवून टाकते. साडेआठपर्यंत मैदान बंद, कोणी खेळायला उतरू नका म्हणून."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत एक गिरकी घेतली. माझ्या एका शब्दाने अख्खं मैदान रिकामं! राजेलोकांनासुद्धा शिकारीसाठी रान मोकळं करायला हाकारे लागायचे. मला नुसता दवबिंदू लागला.

शनिवारी पहाटे मी काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून निघालो, आणि मंडळी, काय सांगू तुम्हाला!

असं धुकं मी कागदावरही कधी पाहिलं नव्हतं. रस्ता होता, पण पावलापुरता. मी पाऊल टाकायचो तेवढाच तो पुढे व्हायचा आणि मागून स्वतःला पुसून घ्यायचा. झाडं अर्धवट आठवलेल्या नावांसारखी जवळ येऊन परत जात होती. कुठेतरी एक पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा लावून बघत होता, आणि तो सूर डावीकडून येतोय की उजवीकडून, हे त्या पक्ष्यालाही माहीत नसावं. मैदानाचं फाटक आलं, ते मी हाताने ओळखलं. आत पाय टाकला आणि गवत इतकं मऊ लागलं, की मला वाटलं डोंगरावरच्या त्या खिडकीतून आपण खाली, ढगांवर उतरलो आहोत.

पहिल्या फटक्याच्या जागी मी लाकडी खुंटी रोवली, तिच्यावर चेंडू ठेवला आणि वर बघितलं. गच्ची गायब! नुसती गच्ची नव्हे, दिशाच गायब. दात सोडले, खांदे सोडले, श्वास सोडला आणि काठी फिरवली.

टक्!

आवाज आला, चेंडू दिसेनासा झाला. कुठे गेला? कोण जाणे! पण म्हणूनच तो अप्रतिम गेला. डोळे मिटून मी त्याला जाताना बघितलं: उंच, पांढऱ्यात पांढरा, भोकाशी रोवलेल्या झेंड्याच्या रोखाने तरंगत जाणारा. दुसरा मारला. तोही अप्रतिम. तिसरा तर मी तुम्हाला सांगूच शकत नाही. पुरावा नसला की माणूस किती चांगला खेळतो! सुमारे अर्धा तास मी या पृथ्वीवरचा सर्वोत्तम गोल्फ खेळाडू होतो, आणि ते मान्य करायला तिथे मी एकटाच असल्याने मतभेदही नव्हते.

मग चेंडू शोधायला निघालो. एक सापडला झुडपात. झुडपाला मी वळसा घातला, मग विसरलो कुठून आलो ते, म्हणून आणखी एक घातला. दुसरा चेंडू पायाखाली सापडला. तो बहुधा कुठे गेलाच नव्हता. बूट ओले, मोजे ओले, पण मन कसं वाळत घातलेल्या धोतरासारखं हलकं होऊन हेलकावत होतं.

आणि अचानक, हाताच्या अंतरावरून, धुकं बोललं.

"माळीबुवा?"

धुक्याचा आवाज मोठ्या साहेबांचा होता!

"माळीबुवा, तुम्हीच ना? खसपस ऐकू येतेय मघापासून."

पळावं तर कुठे पळावं? धुक्यात पळणारा माणूस नेमका ज्याच्यापासून पळतो त्याच्यावरच आदळतो. मी आवाज पोटातून काढला, जाडाभरडा.

"होय साहेब. मीच."

"तरी म्हटलं. मैदान बंद असताना दुसरं कोण असणार! माझा चेंडू दिसला का हो?"

"नाही साहेब. लांब गेला असेल."

"लांब?" धुक्याने मोठा उसासा टाकला. "लांब कसला जातोय! अहो, मला कुठे खेळता येतं?"

माळ्याचा आवाज मी कसाबसा पोटातच धरून ठेवला.

"पण साहेब, तुम्ही तर दर रविवारी..."

"दर रविवारी मी चालतो, माळीबुवा! समोरच्याला विचारायचं, गोल्फ खेळतोस का? तो म्हणतो, नाही सर. मग म्हणायचं, असू दे, नुसता चाल माझ्याबरोबर. काठी खांद्यावर टाकायची, दोन फेऱ्या मारायच्या, काय ते बोलायचं, घरी जायचं. नोकरीत इतकी वर्षं झाली, कोणी हो म्हणालं नव्हतं. आणि परवा एक कार्टं म्हणालं!"

"कोण साहेब?"

"आमच्या धुक्याच्या टेबलावर बसतो एक. मोठा पट्टीचा खेळाडू आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला! आणि कसा म्हणाला! 'अधूनमधून.' माळीबुवा, खरे तरबेज लोकच असं हळूच बोलतात. उद्या येतोय तो. त्याच्यासमोर माझी शोभा होणार. सोमवारी अख्ख्या ऑफिसला कळणार, की साहेबाला चेंडूसुद्धा मारता येत नाही. तरी आज धुकं होतं म्हणून हिंमत केली."

धुक्यात माझा चेहरा दिसत नव्हता, हे किती बरं झालं! मला हसू येत होतं. बिचारे साहेब! आणि त्याच वेळी, अगदी मऊ पावलांनी, एक कल्पना माझ्याजवळ आली.

"साहेब," मी पोटातून म्हणालो, "त्या पोराला इथून कुठे लांब पाठवता नाही येणार? उद्याच्या आत?"

धुक्याने काठी खाली टेकवली.

"त्याला डोंगरावरची जागा हवीच आहे," साहेब सावकाश म्हणाले. "मी उद्या बघू म्हटलं होतं."

"मग उद्यावर कशाला ठेवता? आजच ऑर्डर काढा. सामानसुमान बांधायला लागेल, उद्या कुठला येतोय तो खेळायला!"

"माळीबुवा!" साहेबांचा आवाज कापरा झाला. "तुमच्या तोंडात साखर पडो! ऑफिसात गेल्या गेल्या सही करतो."

मंडळी, त्या क्षणी मी डोंगरावर होतो. दार उघडत होतो. ढग उंबऱ्यावर पाय पुसत होता. आता फक्त एकच करायचं होतं: धुकं आहे तोवर गुपचूप सटकायचं.

"येतो साहेब. पलीकडचं गवत बघायचंय."

"थांबा, थांबा! एवढं केलंत, आणखी एक करा. तुम्ही रोज इतक्यांना खेळताना बघता. चेंडू मारतात कसा, तेवढं सांगून जा."

काय सांगणार? मी आत्याचं सांगितलं. खांदे सैल सोडा. दात आवळू नका. श्वास घ्या. साहेबांनी काठी फिरवल्याचा वारा माझ्या कानाला लागला. मग गवताचं एक ढेकूळ येऊन माझ्या गुडघ्यावर बसलं.

"लागला?" साहेबांनी उत्साहाने विचारलं.

"लागला साहेब," मी गुडघा चोळत म्हणालो.

"गेला?"

"गेला असेल. मी येतो."

"बरं, जाता जाता सांगा, हे धुकं राहील ना अजून थोडा वेळ? तुमचा काय अंदाज?"

इथे मी "काय की साहेब" म्हणायला हवं होतं. तीन शब्द! कुठल्याही माळ्याने तेच म्हटलं असतं. पण तुम्ही कधी हलवायाला विचारलंय, पाक कसा झालाय? शिंप्याला विचारलंय, बाही कशी बसलीय? धुक्याच्या टेबलावरच्या माणसाला प्रत्यक्ष धुक्यात उभं करून अंदाज विचारल्यावर तो काय गप्प बसणार आहे?

"वरचा थर आता विरळ व्हायला लागलाय, साहेब," मी म्हणालो, आणि माझा आवाज पोटातून निघून आपोआप गळ्यात येऊन बसला. "सूर्यकिरण जमिनीपर्यंत पोचले की जमीन तापायला लागते, धुकं तळापासून सुटतं आणि मग एकसंध न जाता तुकड्यातुकड्याने उचललं जातं. आर्द्रता पाहता दृश्यमानता..."

मी थांबलो. पण फार उशिरा.

मग साहेबांचा आवाज आला, अगदी ऑफिसातला.

"...साडेआठला, असंच ना?"

"हो सर," मी म्हणालो.

आणि धुकं उठलं.

खोटं नाही सांगत, बरोब्बर साडेआठला! माझ्या आयुष्यातला सर्वांत अचूक अंदाज! आधी आमचे बूट दिसले. मग गुडघे. मग साहेबांची विजार, तिच्यावरचा चिखल, मग साहेब. मग झेंडा, झाडं, आणि सगळ्यात शेवटी, नाटकाचा पडदा वर जातो तशी, हळूहळू, गच्ची.

गच्ची तुडुंब भरलेली होती!

आता मला सांगा, यात माझी चूक काय? साडेआठपर्यंत खेळायला उतरू नका, असं सांगितल्यावर माणसं काय करणार? साडेआठच्या आधी येऊन गच्चीत चहा घेत बसणार! एरवी चार जण चार वेळांना येतात. आज माझ्या कृपेने अख्खा क्लब एकाच वेळी हजर होता, कप हातात घेऊन, मैदानाकडे तोंड करून, पडदा उठायची वाट बघत.

टाळ्या पडल्या. एक गृहस्थ मनगट उंच करून ओरडले, "साडेआठ! मिनिटाचा फरक नाही! वा रे हवामानवाले!"

मी वाकून नमस्कार करणार होतो, एवढ्यात टाळ्या थांबल्या. सगळ्यांच्या नजरा आमच्यावरून सरकून गवतावर गेल्या. मीही बघितलं.

गवतावर दव होतं. उन्हात सगळं मैदान चांदीच्या पत्र्यासारखं लखलखत होतं, आणि त्या चांदीवर दोन गडद हिरव्या रेषा काढलेल्या होत्या. माझी रेष पहिल्या खुंटीपासून निघून झुडपाकडे गेली होती, झुडपाभोवती फिरफिर फिरून परत खुंटीशी आली होती, मग झेंड्याच्या नेमकी उलट दिशेला निघून तापाच्या आलेखासारखी वरखाली होत साहेबांपाशी पोचली होती. साहेबांची रेष त्याहून सोपी होती. ते एकाच खुंटीभोवती भोवऱ्यासारखे फिरले होते, आणि भोवती उखडलेल्या गवताची ढेकळं अंगणातल्या फुलांसारखी पसरली होती.

दवावरून चाललं की थेंब मोडतात, प्रकाश परतत नाही, आणि पाऊल गडद दिसतं. अत्यंत साधं शास्त्र! ऑफिसात माझ्या शेजारचं टेबलच दवाचं आहे. मी तिकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं.

तेवढ्यात गच्चीतून एक शांत, संथ, ओळखीचा आवाज आला.

"अगं बाई, हा तर आमचाच भाचा!"

आत्या! ऊन पडणार म्हणून जुन्या मैत्रिणींबरोबर नाश्त्याला आली होती. माझ्याच अंदाजावर विश्वास ठेवून! तिच्या शेजारच्या दोघांना जांभया आल्या.

"हे चाललंय तरी काय?" सेक्रेटरी बाईंनी कठड्यावरून वाकून विचारलं. "मैदान बंद होतं ना?"

आणि इथे मला कळलं, की माणूस मोठा साहेब का होतो. साहेबांनी काठी बगलेत मारली, छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात एक शब्द उच्चारला.

"प्रयोग!"

मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "हे सांगतील."

मी सांगितलं! दव म्हणजे काय, ते कुठे जास्त पडतं, माणसाच्या वजनाने किती मोडतं. गच्ची ऐकत राहिली. एक निवृत्त मुख्याध्यापिका मात्र चष्मा सावरून उभ्या राहिल्या.

"त्या झुडपाला इतक्या फेऱ्या कशाला मारल्या?"

"सरासरी काढायला, बाई."

"आणि ती ढेकळं?"

"मातीचे नमुने."

"मग झेंड्याकडे कोणीच कसं गेलं नाही?"

"तो," साहेब गंभीरपणे म्हणाले, "पुढचा टप्पा आहे."

पुन्हा टाळ्या पडल्या. आम्ही दोघं, एकमेकांकडे न बघता, एकाच पावलाने मैदानाबाहेर निघालो. फाटकापाशी साहेब थांबले. बूट गवताला पुसत त्यांनी विचारलं, "काय माळीबुवा, उद्याचं काय?"

"उद्या आकाश अगदी स्वच्छ आहे, सर."

"मग उद्या माझी कंबर दुखणार आहे."

"माझीही, सर."

साहेब हसले. मला धीर आला. खिडकीखालचे ढग जरा हलले.

"सर, ती डोंगरावरची ऑर्डर... आज काढणार होता ना?"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानेच ठेवला, त्याबद्दल तक्रार नाही.

"बाळा, मिनिटाचा फरक नाही म्हणाले लोक. असं धुकं सांगणारा माणूस मी डोंगरावर पाठवू, आणि मग सराव कधी करू? तू इथेच हवास मला." मग इकडेतिकडे बघून, हळूच, "पुढचं धुकं कधी?"

डोंगरावर बॅरोमीटर गेला. त्याचं पत्र येतं. लिहितो, इथे काही दिसत नाही, सगळे ढग खाली आहेत.

मी धुक्याच्या टेबलावरच आहे. साहेब दर गुरुवारी फोन करतात. पण त्यानंतर गंमत अशी झाली, की इतरही फोन यायला लागले. एक दातांचे डॉक्टर, "सहज विचारतोय" म्हणून. मनगट उंच करणारे ते गृहस्थ, रुमालातून बोलत. मुख्याध्यापिका बाई दोनदा. शेवटी तर स्वतः सेक्रेटरी बाई, पण या वेळी घरच्या फोनवरून. तेव्हा मला उमगलं, की गच्चीत बसून दुसऱ्याचा खेळ बघणाऱ्या त्या सगळ्या मंडळींना धड चेंडू मारता येत नाही. म्हणून तर ती गच्चीत असतात!

आता धुकं पडलं की मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. चहूकडून टक्, टक् ऐकू येतं, "माफ करा," "कोण ते?", "मी माळी," "अहो, माळी तर मी आहे!" गेल्या धुक्यात तिथे अकरा माळी होते. मला धक्काबुक्की जमत नाही, त्यामुळे मी धुक्यात खेळणं सोडलं. मी आपला निरभ्र सकाळी जातो, लख्ख उन्हात. गच्ची रिकामी असते. सगळे धुक्याची वाट बघत घरी बसलेले असतात.

परवा तर कमाल झाली. मी काठी फिरवली आणि चेंडू उठला. खरंच उठला! निळ्या आकाशात उंच, सरळ, सावकाश, जणू त्याला कुठलीच घाई नव्हती, आणि झेंड्याच्या इतक्या जवळ उतरला, की त्याची सावली झेंड्याच्या सावलीला चिकटली. मी छाती फुगवून मागे वळलो आणि गच्चीकडे बघितलं.

चिटपाखरूसुद्धा नव्हतं हो!